रेसिडेन्सीची मुलाखत : गुणपत्रिकेच्या पुढची परीक्षा

मार्च महिन्याचा तिसरा आठवडा आपल्या मंडळातील काही घरांना अलीकडे बारावीच्या निकालापेक्षाही जड जातो. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे आपल्याकडील पदव्युत्तर निवासी डॉक्टरच्या जागेसाठी, अर्ज केलेल्या मुलामुलींना त्या आठवड्याच्या सोमवारी एवढेच कळते, की जागा मिळाली किंवा नाही. कोठे मिळाली, हे शुक्रवारी कळते. या साऱ्या प्रक्रियेला तेथे ‘मॅच’ म्हणतात. गेली काही वर्षे आम्ही तिघे-चौघे जण मंडळातर्फे अशा मुलांच्या सरावाच्या मुलाखती घेतो. त्यामुळे पालकांचे दूरध्वनी मला येतात, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : “डॉक्टरसाहेब, मुलाचा स्कोअर २५५ आहे. मुलाखत आता नुसता उपचारच ना?” उत्तर ‘नाही’ असे आहे. ते का, हे दूरध्वनीवर सांगून संपत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

हा प्रश्न आपल्या मनात येतो याचे कारण आपल्याच अनुभवात आहे. मी १९९०च्या दशकात एम.डी.ला प्रवेश घेतला, तेव्हा गुणवत्ता यादीत आपला क्रमांक पुकारला गेला की उरलेल्या जागांचा तक्ता पाहायचा आणि एका जागेवर बोट ठेवायचे, एवढाच सोहळा होता. बालरोगशास्त्रच का, असे मला कोणीही विचारले नाही. आजही नीट-पीजीमध्ये मुलाखत नाही; क्रमांक आणि पसंतीक्रम यांवरच सारे ठरते. यात मोठी सोय आहे, आणि वशिल्याला वाव नाही म्हणून न्यायही आहे. परंतु याच पद्धतीत सप्टेंबर २०२३ मध्ये रिक्त जागा भरण्यासाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली, हेही आपण पाहिले. अशा व्यवस्थेत वाढलेल्या पालकाला गुण हेच सर्वस्व वाटावे, यात नवल नाही.

अमेरिकेतील व्यवस्था दोन पायऱ्यांची आहे, आणि या दोन पायऱ्यांवर निरनिराळ्या गोष्टींना महत्त्व असते. पहिली पायरी म्हणजे मुलाखतीला बोलावणे. सप्टेंबरात अर्ज जातात. एखाद्या रुग्णालयात दहा-बारा जागा असल्या तरी अर्ज शेकड्यांनी, काही ठिकाणी हजारांनी येतात. येथे चाळणी लागते ती कागदांची. यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचा निकाल जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच लागतो. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या लेखी परीक्षेतील गुणांना वजन आले आहे. परदेशी पदवीधरांच्या बाबतीत याखेरीज पदवीला किती वर्षे झाली, एखादी परीक्षा पुन्हा द्यावी लागली का, तेथील रुग्णालयात प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव आहे का, शिफारसपत्रे कोणाची आहेत आणि व्हिसाची व्यवस्था ते रुग्णालय करते का, हे सारे पाहिले जाते. २५५ गुण येथे कामी येतात.

दुसरी पायरी मुलाखतीनंतरची. एका जागेमागे पुष्कळ ठिकाणी दहाहून अधिक जणांना बोलावतात. म्हणजे मुलाखतीला बसलेल्या प्रत्येकाच्या शेजारी जवळपास तेवढ्याच गुणांची आणखी नऊ-दहा मुले असतात. तेथे गुणांचा फरक पुसट होतो. मॅच चालविणारी राष्ट्रीय संस्था कार्यक्रम-संचालकांची वेळोवेळी पाहणी करते. तिच्यात हेच पुन्हापुन्हा दिसते : कोणाला बोलवायचे हे ठरविताना परीक्षा आणि पत्रे पुढे असतात, तर पसंतीची यादी लावताना मुलाखतीतील वागणे-बोलणे, शिक्षकांशी आणि तेथील निवासी डॉक्टरांशी झालेला संवाद या गोष्टी वर येतात. आपल्याकडील उपमा द्यायची तर गुणपत्रिका म्हणजे जुळलेली पत्रिका. पण लग्न ठरते ते चहा-पोह्यांनंतर.

ही उपमा मी केवळ गमतीने दिलेली नाही. मॅचमागील गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी १९६२ मध्ये मांडले, ते महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाह या दोहोंच्या जुळणीसंबंधीच होते. मॅच स्वतः त्याहून जुनी, १९५२ पासूनची. १९९८ पासून ॲल्विन रॉथ यांच्या सुधारणेनुसार जुळणीची सुरुवात उमेदवाराच्या यादीपासून होते. २०१२ मध्ये रॉथ आणि शॅप्ली यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. संगणक प्रथम उमेदवाराच्या पहिल्या पसंतीच्या रुग्णालयाकडे जातो. त्या रुग्णालयाच्या यादीत त्याचे नाव असेल आणि जागा असेल, तर ती तात्पुरती राखली जाते. मागाहून रुग्णालयाला अधिक पसंत असलेला दुसरा कोणी आला, की पहिल्याला उठावे लागते आणि त्याच्या यादीतील पुढील ठिकाणी त्याचा प्रयत्न सुरू होतो. म्हणूनच मुलाने यादी आपल्या खऱ्या आवडीनुसार लावावी. ‘येथे मिळेलसे वाटते’ म्हणून ते ठिकाण वर नेण्यात काहीही फायदा नसतो. पण ज्याची मुलाखत झाली नाही, त्याचे नाव रुग्णालयाच्या यादीत सहसा येतच नाही. म्हणजे मुलाखती किती झाल्या यावर यादीची लांबी ठरते. यादी जसजशी लांबते तसतशी जागा मिळण्याची शक्यता वाढते, आणि साधारण दहा-बारा नावांनंतर ही वाढ मंदावते. दोनच मुलाखती आलेल्या मुलासाठी त्यांतील प्रत्येक मुलाखत किती मोलाची, हे यावरून ध्यानात येईल.

आकडे सौम्य नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेतील एम.डी. विद्यालयांच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी शंभरात सुमारे ९३ जणांना जागा मिळाली; अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी शंभरात सुमारे ५८ जणांना. माझ्या बालरोग शाखेत त्याच वर्षी सुमारे अडीचशे जागा मॅचमध्ये भरल्याच नाहीत, तरीही आपल्याकडील कित्येक हुशार मुले बाहेर राहिली. मॅच हुकली की एक वर्ष जाते. आणि पदवीला वर्षे उलटतात तशी पुढच्या खेपेची चाळणी अधिक बारीक होते. परीक्षांची शुल्के, अर्जांचा खर्च, तिकडे राहण्याचा खर्च यांसाठी घर गहाण ठेवलेली कुटुंबे मला ठाऊक आहेत.

आता प्रत्यक्ष मुलाखतीविषयी. बालरोग शाखेसाठी आलेल्या मुलांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की ही शाखा का? दहांपैकी आठ जण सांगतात, “मला लहान मुले फार आवडतात.” लहान मुले कोणाला आवडत नाहीत? दोन वर्षांपूर्वी एका मुलीने हेच उत्तर दिले. मी म्हटले, “बरे, इंटर्नशिपमधील एक मूल आठव आणि त्याच्याविषयी सांग.” ती जरा थांबली. मग तिने नेफ्रॉटिक सिंड्रोम असलेल्या सहा वर्षांच्या एका मुलाची हकीकत सांगितली. वडील टेम्पो चालवीत, दर आठवड्याला बाह्यरुग्ण विभागात येणे त्यांना जमत नसे. हिने त्यांना परीक्षानळीत लघवी तापवून प्रथिने कशी पाहायची हे शिकविले, आणि एक वही आखून दिली. वडिलांना लिहिता येत नव्हते. म्हणून नळीतील पाणी स्वच्छ असेल तर रिकामे वर्तुळ, गढूळ झाले तर भरलेले वर्तुळ, अशी खूण ठरविली. एके दिवशी सलग तीन भरलेली वर्तुळे दिसताच ते गृहस्थ अंगावर सूज येण्याआधीच मुलाला घेऊन हजर झाले.

“हे तू अर्जात का लिहिले नाहीस?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “काका, त्यात विशेष काय? वॉर्डात सगळेच करतात.” सगळेच करीत नाहीत, हे तीस वर्षे वॉर्डात घालविल्यावर मी खात्रीने सांगू शकतो. बालरोगतज्ज्ञाचे निम्मे काम आईबापांशी बोलण्याचे असते, आणि मुलाखत घेणारा नेमके तेच शोधीत असतो. मध्यरात्री आकडी आलेल्या मुलाच्या आईपुढे हा उमेदवार कसा उभा राहील? सोबतच्या परिचारिकेशी कसा बोलेल? न आलेले उत्तर ‘येत नाही’ म्हणून सांगेल, की काहीतरी ठोकून देईल?

येथे आपल्या संस्कारांची एक अडचण होते. स्वतःविषयी बोलू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले असते. दांडिया बाजारातल्या घरात वाढलेला मुलगा स्वतः केलेले कामही ‘आम्ही केले’ असे सांगतो. ऐकणाऱ्या अमेरिकन डॉक्टरला कळत नाही, की यात या मुलाचा वाटा कोणता. मी मुलांना बढाई मारायला शिकवीत नाही. फक्त जे काम स्वतः केले तेथे ‘मी’ म्हणा, जे युनिटने केले तेथे ‘आम्ही’ म्हणा, एवढेच सांगतो. दुसरे टोक पाठांतराचे. बाजारात विकत मिळणारी तयार उत्तरे घोकून आलेला मुलगा दुसऱ्या उपप्रश्नालाच अडतो. मधले रिकामे वर्ष, एखाद्या परीक्षेतील अपयश यांविषयी विचारले तर दोन-तीन वाक्यांत खरे काय ते सांगावे, त्यातून पुढे काय बदलले ते सांगावे आणि थांबावे. वडिलांचे आजारपण हे कारण खरे असेल तर ते सांगण्यात कमीपणा नाही. खरे नसेल तर ते चेहऱ्यावर दिसते.

इतके सांगूनही मुलाखत ही मोठी शास्त्रशुद्ध कसोटी आहे, असे मी म्हणणार नाही. १९७९ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ह्यूस्टन येथील वैद्यकीय विद्यालयाने सुमारे ८०० अर्जदारांच्या मुलाखती घेऊन १५० विद्यार्थी निवडले. नंतर राज्याच्या विधिमंडळाने आणखी ५० घेण्यास सांगितले. तोवर वरच्या क्रमांकांची मुले इतरत्र गेली होती. त्यामुळे ७००च्या पुढील क्रमांकांची मुले घ्यावी लागली. १९८७ मध्ये या दोन्ही गटांची तुलना प्रसिद्ध झाली. अभ्यासात, रुग्णसेवेच्या कामात, पदवीनंतरच्या पहिल्या वर्षातील कामगिरीत, कोठेही लक्षणीय फरक आढळला नाही. मुलाखतीने तळाला टाकलेली मुले वरच्यांइतकीच चांगली डॉक्टर झाली! कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने पुढे वैद्यकीय प्रवेशासाठी एका लांब मुलाखतीऐवजी अनेक छोट्या मुलाखती, प्रत्येक वेळी नवा परीक्षक, अशी पद्धत काढली, ती एकाच माणसाच्या आवडीनिवडीचा प्रभाव कमी व्हावा म्हणूनच. तेव्हा मॅच हुकलेल्या मुलाच्या घरी जाऊन ‘तुझ्यात काही कमी असेल’ असे सुचविणाऱ्या आप्तेष्टांनी हा ह्यूस्टनचा प्रसंग जरूर वाचावा. कसोटी सदोष आहे, पण निर्णायक आहे; दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

काही व्यवहाराच्या गोष्टी. २०२०च्या साथीपासून या मुलाखती संगणकाच्या पडद्यावर होऊ लागल्या आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही तशाच होतात. ऐन हिवाळ्यात अमेरिकेत गावोगाव फिरण्याचा खर्च त्यामुळे वाचला. मात्र घड्याळ सांभाळावे लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात. न्यूयॉर्कची सकाळी आठची मुलाखत ऑक्टोबरात आपल्याकडे सायंकाळी साडेपाचला असते. नोव्हेंबरच्या त्या रविवारनंतर साडेसहाला. कॅलिफोर्नियाची असेल तर हिवाळ्यात रात्री साडेनऊला. त्या दिवशी दुपारची बाह्यरुग्ण तपासणी ठेवू नये आणि झोप काढावी.

व्हिसाविषयी विचारले तर स्पष्ट सांगावे. जे-१ वर प्रशिक्षण संपल्यानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. एच-१बी साठी यूएसएमएलईचा तिसरा टप्पा आधी उत्तीर्ण व्हावा लागतो, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाल्याने रुग्णालये त्याबाबत सावध झाली आहेत. लग्न कधी, मुले कधी, असे प्रश्न तेथे अनुचित मानले जातात. ‘आम्हाला कितव्या क्रमांकावर ठेवणार?’ असे रुग्णालयाने उमेदवाराला विचारणेही मॅचच्या नियमांत बसत नाही. मुलाखतीनंतर गोड शब्दांचे पत्र आले, तरी त्यावर विसंबून यादी बदलू नये. न्यू जर्सीतल्या ‘ओळखीच्या’ कोणाला तरी दूरध्वनी करण्याचा आग्रह वडिलांनी टाळावा. त्याने मुलाची अडचणच होते.

यंदाच्या सरावाच्या मुलाखती गणेशोत्सव आटोपल्यावर, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, मंडळाच्या सभागृहात रविवारी सकाळी सुरू होतील. मुलांनी अर्जाची प्रत आणि तीन रुग्णांच्या हकिकती, स्वतःच्या शब्दांत, मनात घेऊन याव्यात. कागदावर लिहून आणू नयेत. पालकांसाठी बाहेरच्या खोलीत चहाची व्यवस्था आहे. गेल्या वर्षी एक आई दाराआडून उत्तरे सुचवीत होत्या, म्हणून यंदा ते दार बंद राहील.