संचयखंडाची छायाप्रत : स्वरूप व मर्यादा

मेहरूण येथे ध्वनिमुद्रित केलेल्या लेवा गणबोलीचे लिप्यंकन विभागाच्या सर्व्हरवर ठेवले आहे, अशी कल्पना करावी. एखाद्या साहाय्यकाने ‘डोया’ हे रूप सर्वत्र ‘डोळा’ असे ‘सुधारले’ (असे सुधारक विरळ नाहीत), की बोलीचा पुरावाच नाहीसा होतो. विंडोज सर्व्हर २००३ पासून उपलब्ध असलेली छायाप्रत अशा प्रसंगी जुने रूप परत देऊ शकते.

तथापि छायाप्रत म्हणजे संपूर्ण नक्कल नव्हे. ती घेतल्यानंतर मूळ खंडातील एखादा भाग प्रथमच बदलू लागला, म्हणजे त्याचा पूर्वीचा आशय राखीव जागेत उतरविला जातो; न बदललेला भाग मूळ स्थानीच वाचला जातो. म्हणूनच ती अल्पावकाशात सिद्ध होते, आणि म्हणूनच मूळ तबकडी निकामी झाल्यास तीही निरुपयोगी ठरते.

सामायिक फोल्डरांच्या छायाप्रती एका खंडावर ६४ पर्यंतच राहतात. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ व दुपारी १२, या मूळ वेळापत्रकाप्रमाणे ३२ कामाच्या दिवसांत ही संख्या भरते व सर्वांत जुनी प्रत पुसली जाऊ लागते. राखीव जागा अपुरी पडल्यास त्याही आधी. उन्हाळी सुटीपूर्वी झालेला ‘डोळा’ सुटीनंतर ध्यानात आला, तर ‘डोया’ हाती लागेलच असे नाही. मूळ ध्वनिमुद्रणाची स्वतंत्र प्रत अन्य यंत्रावर, शक्य तर अन्य इमारतीत, असणे अवश्य आहे.