आयत्या आकड्यांवरून धंद्याची पारख

व्यापारात भांडवल बुडण्याची कारणे अनेक असतात. मालाचे भाव पडतात, उधारी थकते, भागीदार फिरतो. परंतु एक कारण असे आहे की ज्याची नोंद जमाखर्चाच्या वहीत कधीच होत नाही, आणि ते म्हणजे धंद्यात पडण्यापूर्वी केवळ अंदाजावर ठेवलेला विश्वास. ‘वस्ती आपली आहे, गिऱ्हाईक येणारच’ एवढ्या एका वाक्याच्या बळावर आजवर किती दुकाने उघडली आणि वर्षभरात बंद पडली, याची गणती कोणी केलेली नाही.

सुरत शहराच्या आग्नेय अंगास, उधन्याच्या पलीकडे, नवागाम-दिंडोलीचा परिसर पसरला आहे. धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतून उधना-जळगाव लोहमार्गाने आलेली हजारो कुटुंबे या भागात स्थायिक झाली. यंत्रमागावर राबणारे, साड्यांच्या घड्या घालणारे, किरकोळ व्यापार करणारे असे हे कष्टाळू लोक होत. समजा, अशा एका कुटुंबाने मागावरच्या मजुरीतून काही रक्कम साठविली आहे, आणि कळण्याचे पीठ, उडदाचे पापड व खान्देशी मसाला यांचे दुकान काढण्याचा त्यांचा विचार आहे. घरातील मुलगी वाणिज्य शाखेत शिकत असून तिला परीक्षेसाठी एक संशोधन-प्रकल्प लिहावयाचा आहे. बापाचे भांडवल आणि लेकीचा प्रकल्प, या दोहोंचा प्रश्न वस्तुतः एकच आहे: हा धंदा येथे चालेल काय?

या प्रश्नाचा शोध दोन मार्गांनी घेता येतो. घरोघर फिरून स्वतः माहिती जमविणे हा पहिला मार्ग. अशा माहितीस प्राथमिक सामग्री म्हणतात. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कारणासाठी, पूर्वीच गोळा करून ठेवलेल्या माहितीचा उपयोग करून घेणे हा दुसरा मार्ग; तिला दुय्यम सामग्री असे नाव आहे. जनगणनेचे तक्ते, सरकारी पाहण्यांचे अहवाल, नगरपालिकेच्या नोंदी, रिझर्व्ह बँकेची प्रकाशने ही सर्व दुय्यम सामग्री होय. ‘दुय्यम’ या शब्दाने कोणी फसू नये. ती हलक्या प्रतीची असते असा त्याचा अर्थ नाही. ती दुसऱ्याच्या हातून आलेली आहे, एवढाच तो आहे. हजारो गणकांनी देशभर हिंडून जमविलेली माहिती एखाद्या विद्यार्थिनीस जन्मभर फिरूनही जमविता येणार नाही.

आयत्या आकड्यांतून केवढे मोठे काम उभे राहू शकते, याचा दाखला दादाभाई नौरोजी यांनी घालून दिला आहे. १८७६ साली मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यासाठी त्यांनी एकाही घराची पाहणी केली नव्हती. सरकारच्याच प्रांतिक अहवालांतील पिकांचे, भावांचे आणि व्यापाराचे आकडे घेऊन त्यांनी १८६७ ते १८७० या काळातील दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये ठरविले. नंतर तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रास सरकारला किती खर्च येतो, ते सरकारी कागदांतूनच काढून शेजारी ठेवले. आणि प्रामाणिक रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही हे दाखवून दिले. आकडे सरकारचे होते. प्रश्न मात्र दादाभाईंचा होता. दुय्यम सामग्रीच्या संशोधनाचे सारे मर्म या एका गोष्टीत आले.

दादाभाईंनी आणखी एक दोष उघडकीस आणला. काही अहवालांत निरनिराळ्या जिल्ह्यांचे दर एकरी उत्पन्न नुसते बेरीज करून जिल्ह्यांच्या संख्येने भागले होते. यात चूक कोठे आहे? समजा, एका ठिकाणी १०० एकरांत एकरी ४ मण पिकते आणि दुसऱ्या ठिकाणी १० एकरांत एकरी १० मण. वरवरची सरासरी ७ मण येईल. पण एकूण ५०० मण धान्य ११० एकरांत वाटले असता एकरी सुमारे साडेचार मणच पडते. छापील आकडा म्हणून तो तसाच उचलावयाचा नसतो. तो कसा निघाला हे आधी पाहावयाचे असते.

विद्यार्थ्यांना अधिक जवळचे वाटेल असेही एक उदाहरण आहे. अर्थशास्त्रज्ञ धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. मुळात तो केंब्रिज विद्यापीठातील पदवीसाठी लिहिलेला प्रबंध होता आणि त्याचा आधार प्रामुख्याने प्रसिद्ध झालेले अहवाल व आकडे हाच होता. पुढे १९३० साली पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली तेव्हा तेच तिचे पहिले संचालक झाले.

आता नवागामच्या प्रकल्पाकडे वळावे. पहिले काम म्हणजे प्रश्न लहान करणे. ‘सुरतेतील खाद्यपदार्थांचा व्यापार’ हा प्रकल्पाचा विषय नव्हे. तो एका आयुष्याचा विषय आहे. ‘नवागामच्या एका ठरावीक टापूत खान्देशी पीठ-मसाल्याच्या दुकानास महिन्याचा खर्च भागेल इतके गिऱ्हाईक मिळेल काय?’ हा मात्र प्रकल्पाचा विषय होऊ शकतो, कारण त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येते.

दुसरे काम म्हणजे सामग्री शोधण्यापूर्वीच रिकामा तक्ता आखणे. टापूतील कुटुंबे किती, त्यांत खान्देशी किती, दरडोई खर्च किती, त्यात अन्नाचा वाटा किती, सध्याची दुकाने किती, असे रकाने आधी काढावेत. जो रकाना रिकामा आहे त्याच्याचसाठी ग्रंथालयात किंवा संगणकावर शोध घ्यावा. असे न केल्यास विद्यार्थी मिळेल तो आकडा उतरून घेतो आणि अखेरीस आकड्यांचा ढीग तयार होतो. उत्तर मात्र सापडत नाही.

तिसरे काम पारखण्याचे. प्रत्येक आकड्यास पाच प्रश्न विचारावेत: तो कोणी गोळा केला, कशासाठी केला, कोणत्या साली केला, कोणत्या हद्दीत केला, आणि त्यातील शब्दांची व्याख्या कोणती? नवागामच्या बाबतीत हे प्रश्न किती मोलाचे आहेत ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम हद्द. २००१ च्या जनगणनेत सुरत महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. २०११ मध्ये ती ४४ लाखांवर गेली. हे पाहून ‘दहा वर्षांत गिऱ्हाईक जवळजवळ दुप्पट झाले’ असे कोणी लिहील. परंतु मध्यंतरी, २००६ साली, शहराची हद्द सुमारे ११२ चौरस किलोमीटरांवरून ३२६ चौरस किलोमीटरांवर नेण्यात आली होती. म्हणजे वाढीचा काही भाग माणसे आल्यामुळे झाला, तर काही भाग नकाशावरची रेघ सरकल्यामुळे. २०२० साली ही रेघ पुन्हा सरकली. हद्दीची चौकशी न करता दोन सालांची तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या मापांनी एकच धान्य मोजण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट व्याख्येची. भाषावार तक्ता उघडून ‘मराठी’ हा रकाना पाहिला की खान्देशी गिऱ्हाइकांची संख्या मिळाली, असे वाटण्याचा संभव आहे. पण जनगणनेत अहिराणी ही मराठीखाली धरलेली नसून ‘खान्देशी’ या स्वतंत्र भाषेखाली नोंदलेली आहे. घरात अहिराणी बोलणाऱ्या कोणी गणकाला ‘मराठी’ असे सांगितले असेल, कोणी ‘अहिराणी’ असे. म्हणून दोन्ही रकाने पाहिल्यावाचून कळण्याच्या भाकरीचा खरा चाहता हाती लागणार नाही. आणि दोन्ही पाहूनही बेरीज ही अंदाजच राहील, हे प्रकल्पात स्पष्ट लिहावे लागेल.

तिसरी गोष्ट काळाची. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, आणि पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा असल्याचे जून २०२५ मध्ये जाहीर झाले. तेव्हा २०११ चे तक्ते वापरताना मधल्या वर्षांचे अंतर भरून काढण्यासाठी शाळांतील पटसंख्या, मालमत्ता-कराची खाती किंवा मतदार यादी यांसारख्या अलीकडील नोंदींचा आधार घ्यावा. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. त्यांचा पट वाढतो की घटतो, ही लहानशी गोष्टही वस्तीविषयी पुष्कळ सांगून जाते.

चौथी गोष्ट व्याप्तीची. कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत मुख्यतः कारखाना कायद्याखाली नोंदलेले कारखाने येतात. १९४८ च्या त्या कायद्याने वीज असल्यास १० आणि नसल्यास २० कामगारांची मर्यादा घातली होती. मग आठ माणसांचा यंत्रमागाचा गाळा त्या आकड्यांत कोठून सापडणार? तो सापडत नाही म्हणून नाहीच, असे मानणारा संशोधक नवागामच्या निम्म्या गल्ल्या पुसून टाकील. दुकानांची संख्या काढतानाही ‘गुमास्ताधारा’ नोंदीत नसलेली घरगुती पापडवाली बाई विसरून चालणार नाही. खरी स्पर्धा तिच्याशीच आहे.

चौथे काम म्हणजे आकड्यांची सांगड घालणे. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग-खर्च पाहणीनुसार देशाच्या शहरी भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये होता आणि त्यात अन्नाचा वाटा सुमारे ४० टक्के, म्हणजे अदमासे २,७७५ रुपये होता. समजा, दुकानाच्या टापूत ८०० घरे व ४,००० माणसे आहेत. तर महिन्याचा अन्नखर्च १ कोटी ११ लाखांच्या आसपास होतो. त्यातील शंभरावा हिस्सा दुकानात आला तर विक्री १ लाख ११ हजारांची. नफा १५ टक्के धरला तर सुमारे १६,६५० रुपये. भाडे, वीज इत्यादी खर्च १०,००० रुपये मानला तर ६,६५० रुपये शिल्लक राहतात. एवढ्यावर दुकान उघडावयास हरकत नाही असे वाटेल.

पण सरासरी ही दादाभाईंच्या काळाइतकीच आजही फसवी आहे. त्याच पाहणीत शहरांतील सर्वांत खालच्या ५ टक्के लोकांचा दरडोई खर्च २,३७६ रुपये, तर सर्वांत वरच्या ५ टक्क्यांचा २०,३१० रुपये आहे. मागावर राबणाऱ्या वस्तीस देशाची सरासरी लावणे धोक्याचे होय. दरडोई खर्च ४,५०० रुपये आणि अन्नाचा वाटा ४५ टक्के धरून पुन्हा हिशेब केला तर शिल्लक २,१५० रुपयांवर येते. आणि शंभराव्या हिश्शाऐवजी दोनशेवा हिस्साच दुकानात आला, तर महिन्याला ३,९०० रुपयांहून अधिक पदरचे घालावे लागतात. म्हणून एकच उत्तर न देता आशेचे, मध्यम आणि निराशेचे अशी तीन उत्तरे शेजारीशेजारी मांडावीत. निराशेच्या उत्तरात घर किती महिने तग धरील, हे बापाने ठरवावयाचे आहे.

येथेच दुय्यम सामग्रीची मर्यादाही ध्यानात येते. बाजार केवढा आहे हे ती सांगते. गिऱ्हाईक या दुकानाची पायरी चढेल की नाही, हे ती सांगत नाही. ‘शंभरावा हिस्सा’ हा आकडा कोणत्याही अहवालात नाही. तो गृहीत आहे, आणि साऱ्या हिशेबाचा तोल त्यावरच आहे. तो पडताळण्यासाठी मोठ्या पाहणीची गरज नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी तशाच एखाद्या दुकानासमोर उभे राहून गिऱ्हाइके मोजली, पाचपंचवीस घरांत पीठ कोठून आणता असे विचारले, तरी पुरे. आयत्या आकड्यांचा मोठा लाभ हाच की हाताने मोजण्याचे काम एवढ्या एका जागेपुरते उरते.

वेळेची वाटणीही आधीच करावी. बारा आठवड्यांचे काम असेल तर प्रश्न व तक्ता यांस दोन, शोधास तीन, पारखण्यास तीन, हिशेबास दोन आणि लेखनास दोन आठवडे द्यावेत. बहुतेक प्रकल्पांत शोधास दहा आठवडे जातात आणि पारखणे राहूनच जाते. आकडा उतरून घेतानाच त्याच्यासमोर प्रकाशनाचे नाव, साल व पृष्ठ टिपावे. नंतर लिहू म्हटले की ते लिहिले जात नाही. दुसऱ्याचे आकडे वापरणे यात कमीपणा नाही. ते दुसऱ्याचे आहेत हे न सांगणे यात आहे.

शेवटी निष्कर्ष लिहिताना धीर लागतो. हिशेब ‘नाही’ म्हणत असेल तर ‘नाही’ असेच लिहावे. परीक्षकास गोड वाटावे किंवा वडिलांचा हिरमोड होऊ नये म्हणून आकडे वाकविणे हा अप्रामाणिकपणा तर आहेच, पण घरच्या भांडवलाचा घातही आहे. न उघडलेल्या दुकानाचा तोटा होत नाही. आणि आज ‘नाही’ असे सांगणारा तक्ता उद्या भाडे कमी असलेल्या गल्लीत, किंवा दुकानाऐवजी घरूनच माल विकण्याच्या बेतात, ‘होय’ म्हणू शकतो. रकाने तेच राहतात. बदलतो तो एखादा आकडा.

आकडे आज पूर्वीपेक्षा कितीतरी सुलभ झाले आहेत. दादाभाईंना जे अहवाल मोठ्या प्रयासाने मिळवावे लागले, तसे शेकडो आता घरबसल्या मिळतात. दुर्मिळ आहे ती त्यांना प्रश्न विचारण्याची सवय. ती ज्या घरात रुजेल, त्या घराचे पैसे पूर्णपणे सुरक्षित राहतील असे नाही. परंतु ते कोणत्या भरवशावर घातले, हे त्या घरास निश्चित ठाऊक असेल.