मातीतील युरेनियम, घरातील रेडॉन आणि संख्याशास्त्र

रेडॉन हा रंग, वास वा चव नसलेला किरणोत्सारी वायू. खडक आणि मातीतील युरेनियमच्या विघटनातून तो तयार होतो व पायातील भेगांवाटे घरात शिरतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचा क्रमांक लागतो. अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१ हजार मृत्यू त्यामुळे होतात, असा तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. हवेतील त्याचे प्रमाण लिटरमागे ४ पिकोक्युरी वा अधिक आढळल्यास घरात उपाययोजना करावी, असे ही संस्था सांगते. मात्र प्रत्येक घराची तपासणी झालेली नसताना कोणत्या भागात धोका अधिक, हे ठरवायचे कसे?

अँड्र्यू गेलमन आणि जेनिफर हिल यांच्या २००७ सालच्या पाठ्यपुस्तकात या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे. मिनेसोटा राज्यातील ८५ काउंटींमधील ९१९ घरांच्या मोजण्या त्यात घेतल्या आहेत. सेंट लुईस काउंटीतील ११६ घरे मोजली गेली होती. लाक की पार्ल काउंटीतील अवघी दोन. आणि नेमकी याच दोन घरांची सरासरी राज्यात सर्वाधिक निघाली! अवघ्या दोन मोजण्यांवरून या काउंटीला राज्यातील सर्वांत धोकादायक ठरविणे उतावळेपणाचे होईल. उलट, सर्व काउंटींना एकच राज्यव्यापी सरासरी लावली, तर त्यांच्यातील खरा फरकच पुसला जाईल.

बहुस्तरीय प्रारूप या दोहोंतील मध्यम मार्ग काढते. मोजण्या भरपूर असतील तेथे काउंटीच्या स्वतःच्या सरासरीला अधिक वजन मिळते. मोजण्या मोजक्याच असतील तेथे अंदाज राज्याच्या सरासरीकडे खेचला जातो. पण सगळ्या काउंटी एकाच सरासरीकडे का खेचाव्यात? त्यांची जमीन काही एकसारखी नाही. येथे समूह-पातळीवरील चल उपयोगी पडतो. मोजणी तळघरात झाली की तळमजल्यावर, ही माहिती घरागणिक बदलते. मातीतील युरेनियमचा आकडा मात्र संपूर्ण काउंटीसाठी एकच असतो. तो प्रारूपात घेतला, की दोनच घरे मोजलेल्या काउंटीचा अंदाज राज्याच्या सरासरीकडे न झुकता, तिच्या मातीवरून जे प्रमाण अपेक्षित आहे त्याकडे झुकतो.

नेहमीच्या समाश्रयण पद्धतीत हे साधत नाही. प्रत्येक काउंटीला स्वतंत्र आकडा बहाल केला, की काउंटी-काउंटींमधील सारा फरक तेच आकडे गिळून टाकतात आणि युरेनियमला स्पष्ट करण्याजोगे काही उरत नाही. बहुस्तरीय प्रारूपात मात्र दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात : युरेनियम सांगू शकतो तेवढा फरक तो सांगतो आणि उरलेला वेगळेपणा काउंटीच्या खाती जमा होतो. मिनेसोटाच्या उदाहरणात युरेनियमचा समावेश केल्यावर काउंटींमधील हा उरलेला फरक सुमारे निम्म्यावर आला.

तथापि, दोन पथ्ये पाळावी लागतात. घरे ९१९ असली, तरी युरेनियमचे आकडे ८५च आहेत. त्यामुळे त्याच्या परिणामाविषयीची खात्री ठरते ती प्रामुख्याने काउंटींच्या संख्येवर. त्याच काउंटींतील आणखी शेकडो घरे मोजली तरी ती फारशी वाढत नाही. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे. समूहाविषयीचा निष्कर्ष व्यक्तीला, येथे एखाद्या घराला, थेट लागू करता येत नाही. एकाच काउंटीतील घराघरांतला फरक काउंटी-काउंटींमधील फरकाहून कितीतरी मोठा होता आणि युरेनियमचा आकडा घेतल्यानंतरही तो जवळपास तेवढाच राहिला.

म्हणूनच अशा प्रारूपावरून केलेला नकाशा तपासणीची सुरुवात कोठून करावी, हे आरोग्ययंत्रणेला सांगू शकतो. युरेनियम कमी असलेल्या भागातील कुटुंबाने मात्र त्याच्या भरवशावर निर्धास्त राहू नये. आपल्या घरातील हवेत रेडॉन किती, याचे उत्तर त्या घरातील मोजणीच देऊ शकते.