उत्तर ध्रुवाजवळचा बर्फ वितळला, तर चुडाव्याच्या सोयाबीनचं काय?

चुडावा (ता. पूर्णा) : सोयाबीन काढणीला आलं, कापसाची बोंडं फुटायला लागली की नेमका पाऊस झोडपून काढतो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यानं हे भोगलं. काढणीच्या तोंडावर होणाऱ्या अतिवृष्टीचा उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाशी काही संबंध आहे का, याचा शोध आपले शास्त्रज्ञ घेत आहेत.

भारताचं केंद्र कुठं आहे?

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंड नावाचं छोटं गाव आहे. पूर्वी इथं कोळशाची खाण होती. आता अनेक देशांची संशोधन केंद्रं आहेत. भारताचं 'हिमाद्री' केंद्र 1 जुलै 2008 ला सुरू झालं. इथून उत्तर ध्रुव सुमारे 1200 किलोमीटर. कारभार गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे.

हिवाळ्यात जवळपास चार महिने इथं सूर्य उगवत नाही. पांढऱ्या अस्वलांची भीती असल्यानं वस्तीबाहेर जाताना बंदूक लागते. उपकरणांना अडथळा नको म्हणून मोबाइलचे सिग्नल आणि वायफायही बंद. तरी डिसेंबर 2023 मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम तिथं गेली. त्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचाही सहभाग होता.

तिथं मोजतात काय?

हवेतली काजळी आणि धूळ, ढग, वारा, तापमान. काजळी बर्फावर बसली की बर्फ काळपट होतो आणि लवकर वितळतो. 2014 पासून समुद्राच्या पाण्यातही भारताची उपकरणं सोडलेली आहेत.

बर्फ कमी झाला तर बिघडतं काय?

चुना मारलेलं छत कमी तापतं, काळा पत्रा चटके देतो. तसंच हे. पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो. बर्फ गेला की खालचं गडद पाणी ऊन शोषतं, आणखी बर्फ वितळतो. त्यामुळं 1979 पासून हा भाग जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापला.

गोव्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये एक अभ्यास मांडला. रशियाच्या उत्तरेला असलेल्या कारा समुद्रात उन्हाळी बर्फ कमी असला की युरोपावरचा हवेचा दाब बदलतो. तो बदल वरच्या वाऱ्यांतून लाटेसारखा आशियाकडं सरकतो. त्यात अरबी समुद्र तापलेला असला, तर बाष्प जास्त येतं आणि सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते. हे एकच कारण नाही, पण महत्त्वाचा दुवा आहे.

शेतकऱ्याला उपयोग काय?

हिमाद्रीवरून चुडाव्याचा उद्याचा पाऊस कळणार नाही. पण असे दुवे पक्के झाले, तर सप्टेंबर कसा जाईल याचा अंदाज आधीच सुधारू शकतो. तोवर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला 'मेघदूत' ॲपवर पाहावा, विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप ठेवावं. कापलेलं सोयाबीन रानात पसरून ठेवण्याआधी तेवढं बघितलेलं बरं.