पालीची घंटा आणि मिशनऱ्यांचे ‘उत्तेजन’

पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळात एक घंटा आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांच्या ज्या घंटा महाराष्ट्रभरच्या देवळांत आल्या, त्यांतलीच ही एक, असे पालीत सांगतात. अष्टविनायकाचे यात्रेकरू तिच्याखालून जातात, हात पोचला तर वाजवतात. लहानपणी मीही वाजवली आहे. ती मुळात कोणाला बोलावण्यासाठी ओतली होती, हा प्रश्न मला पडला तो पन्नाशी उलटल्यावर.

प्रश्न पडायला कारण झाले. निवृत्तीनंतर मी सुधागड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर संध्याकाळचा वर्ग चालवत होतो. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या कामाला निघत, पोरेही त्यांच्याबरोबर जात आणि पावसाच्या तोंडावर परत येत ती अक्षरे विसरूनच. तीन हंगाम हे चालले. चौथ्या वर्षी मी फळा घरी आणून ठेवला. त्याच सुमारास कोकणातल्या जुन्या शाळांविषयी काही टिपणे काढत असताना अमेरिकन मराठी मिशनची हकिगत पुढे आली. धर्मप्रसाराबद्दल मला आस्था नव्हती, आजही नाही. पण फळ दिसत नसताना माणसे वर्षानुवर्षे कशाच्या बळावर टिकतात, हे मला पाहायचे होते.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. अमेरिका आणि इंग्लंड यांचे युद्ध चालू होते, शिवाय धर्माच्या भानगडीत रयत बिथरेल ही धास्ती होतीच. त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले. दोघे कोचीनला निसटले, तिथून त्यांना परत आणले गेले. अखेर त्याच वर्षीच्या नव्या सनदेने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि त्यांचे राहणे पक्के झाले. वसईची घंटा ओतली गेली तेव्हा चर्चच्या पाठीशी राजसत्ता उभी होती. या मंडळींच्या पाठीशी होती बॉस्टनची वर्गणी, आणि तीही सहा-सहा महिन्यांच्या समुद्रमार्गाने येणारी. दोन्हींना आपण ‘मिशनरी’ म्हणतो, पण हा फरक विसरून चालत नाही.

पुढची तेरा वर्षे हॉल मराठी बोलत, लिहीत, बाजारात उभे राहून उपदेश करत राहिले. धर्मांतरे झाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सहकारी सॅम्युएल न्यूवेल 1821 मध्ये पटकीने गेले. 1826 च्या मार्चमध्ये हॉल नाशिककडे फेरीवर गेले होते. तिकडे पटकी चालू होती. जवळचे औषध त्यांनी आजाऱ्यांना वाटून टाकले आणि परतीच्या वाटेवर त्याच आजाराने एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर त्यांचा अंत झाला. वय 41. मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पुरा झाला.

बाणकोटची गोष्टही अशीच. सावित्रीच्या मुखावरचे हे ठाणे 1756 पासून इंग्रजांकडे होते. तिथे 1823 साली स्कॉटिश मिशनने काम सुरू केले आणि पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल वर्ष संपायच्या आत वारला. मागून आलेले हर्णैला गेले, नंतर बरेचसे पुण्या-मुंबईकडे सरकले. जॉन विल्सन 1829 साली मराठी शिकायला आले ते याच किनाऱ्यावर. विल्सन कॉलेजमुळे त्यांचे नाव मुंबईशी जोडले गेले, हर्णै कोणाच्या ध्यानात नाही.

मग ही माणसे टिकली कशावर? याचे उत्तर त्यांच्या मोजण्याच्या पद्धतीत आहे, असे मला वाटते. बाप्तिस्मे मोजायला नव्हते, म्हणून ते शाळा मोजत, मुले मोजत, छापलेली पाने मोजत. हे आकडे बॉस्टनच्या मिशनरी मासिकात छापून येत, तिथली मंडळी ते वाचून पैसे पाठवत आणि त्या पैशांतून पुढची शाळा निघे. उत्तेजन असे दोन्ही बाजूंनी चाले. यात थोडी स्वतःची समजूत घालणेही होते. शाळेत पोर आले म्हणजे धर्माकडे आले, असे काही नव्हते. पालकांना हवे होते वाचन आणि हिशेब. शिकवणारे पंतोजी बहुधा ब्राह्मण, त्यांना हवा होता पगार. प्रत्येक जण आपापल्या कामासाठी त्या शाळेत येत होता.

या शाळा अलिबाग, रेवदंडा, चौल या भागातही निघाल्या आणि इथे हिशेब भलत्याच दिशेला गेला. या पट्ट्यात बेने इस्रायल समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे त्यांनी जपले होते. हिब्रू ग्रंथ हातात नव्हते. मिशनऱ्यांना या ‘जुन्या करारातल्या’ लोकांबद्दल विशेष आशा वाटली. त्यांची मुले शाळांत आली, त्यांच्यातले काही शिक्षकही झाले. विल्सन यांनी तर 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले.

ख्रिस्ती फारसे कोणी झाले नाही. मात्र ज्यू म्हणून हा समाज पुन्हा उभा राहिला. मराठीतला जुना करार त्यांनी आपलाच ग्रंथ म्हणून वाचला. 1846 मध्ये मुंबईत वल्हांडण सणाची हग्गादा हिब्रू-मराठीत छापली गेली, 1874 मध्ये पुण्यात आणखी एक निघाली. 1880 च्या सुमारास मुंबईत त्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले आणि अब्राहाम, योसेफ यांची आख्याने साकी-दिंडीत, टाळ-झांजांच्या साथीने होऊ लागली. नावातला ‘उत्तेजक’ हा त्या काळाचा लाडका शब्द. पुण्यात वक्तृत्वोत्तेजक सभा होती, ग्रंथोत्तेजक संस्था होती. हरिदासी कीर्तनाच्या साच्यात तोरा बसवणारे हे मंडळ मला त्या सगळ्यांत जास्त धिटाईचे वाटते.

याच समाजातले हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 मध्ये बेने इस्रायलांचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला थेट 1937 मध्ये, तेल अवीवला. त्यात त्यांनी मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. मात्र केहिमकर स्वतः निष्ठावंत ज्यू राहिले, समाजाच्या मुलांसाठी 1875 मध्ये मुंबईत शाळा काढण्यात पुढे होते. उपकार मानले, धर्म घेतला नाही. मिशनच्या वार्षिक अहवालात हे यश कोणत्या रकान्यात लिहायचे?

मिशनऱ्यांना मी निरपेक्ष समाजसेवक ठरवत नाही. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता आणि तो त्यांनी लपवला नव्हता. आपल्या देवाधर्माविषयी त्यांनी लिहिलेले पुष्कळसे आज वाचवत नाही. पण शिकवलेले अक्षर शिकवणाऱ्याच्या हेतूशी बांधलेले राहत नाही, हे त्यांच्या शाळांतूनच दिसते.

पालीपर्यंत या शाळा आल्याचा पुरावा मला सापडलेला नाही. सुधागड तेव्हा भोरच्या पंत सचिवांच्या मुलखात होता, अलिबाग आंग्रे यांच्याकडे. किनाऱ्यावरून अंबा नदीने नागोठण्यापर्यंत गलबते येत, तिथून पाली फार लांब नाही. एखादे छापील शुभवर्तमान मिठाच्या गोणीबरोबर इथवर आले असेल, नसेलही.

गेल्या पावसाळ्यात फळा पुन्हा वाडीवर नेला. वहीत आता हजेरी लिहीत नाही. कोणत्या पोराला कोणती अक्षरे येतात ते लिहितो, आणि भट्टीवर निघताना ज्याची त्याची यादी आणि पेन्सिल त्याच्याबरोबर देतो. जूनमध्ये त्यांतल्या दोन याद्या परत आल्या. एकीच्या पाठीमागे कोणीतरी विटांचा हिशेब मांडला होता.