उडी न मारणारा कांगारू

आजचा सर्वांत मोठा कांगारू म्हणजे लाल कांगारू. त्याचा नर जेमतेम 90 किलोंचा. पण ऑस्ट्रेलियात एकेकाळी प्रोकॉप्टोडॉन गोलिया नावाचा कांगारू राहत होता: उंची सुमारे 2 मीटर, वजन 230 किलोंच्या घरात. चेहरा आखूड, जबडा दणकट. मागच्या पायाला एकच जाडजूड बोट. पुढच्या पंज्याची दोन बोटं मात्र लांबलचक, आकड्यासारख्या नख्यांची, बहुधा उंचावरच्या फांद्या खाली ओढायला. एवढं वजन घेऊन तो उड्या मारत नसावा, माणसासारखा एकेक पाऊल टाकत चालत असावा, असं 2014 साली संशोधकांनी हाडांच्या ठेवणीवरून मांडलं. कल्पना थक्क करणारी आहे!

त्याच्या सोबतीला होता वोम्बॅटचा नातलग डिप्रोटोडॉन, अडीच टनांहून अधिक वजनाचा, आजवरचा सर्वांत मोठा शिशुधान (पिल्लू पिशवीत वाढवणारा) प्राणी. शिकारी थायलॅकोलिओही तिथलाच.

साधारण 40,000 वर्षांपूर्वीपर्यंत हे सगळे नाहीसे झाले. हवामान की माणूस, हा वाद अजून मिटलेला नाही. प्रोकॉप्टोडॉनच्या दातांवरून कळतं, की तो सॉल्टबुश ही खारट झुडपं खायचा. खारट खाणाऱ्याला पाणी वारंवार लागतं, आणि पाणवठ्यावर शिकारी माणूस त्याला सहज गाठतो. शिवाय हे झुडूप कोरड्या हवेत तगतं, सहसा पेटत नाही, म्हणजे कोरड्या हवामानाने किंवा वणव्याने त्याचं अन्न संपलं नसावं. म्हणूनच निदान या प्राण्यापुरता तरी माणसावरचा संशय जास्त सबळ वाटतो.