कॉम्प्रेसर सोडतो कसा?

रेकॉर्ड कापणाऱ्या यंत्राला आवाजाची उसळी सोसत नाही. एखादा सूर अचानक जोरात आला की तबकडीवर कोरली जाणारी खाच शेजारच्या खाचेत घुसते आणि घरी ऐकताना सुई उडी मारते. त्यावर उपाय म्हणून राइन नार्मा या एस्टोनियाहून अमेरिकेत आलेल्या अभियंत्याने १९५०च्या दशकाच्या अखेरीस एक कॉम्प्रेसर घडवला. तोच फेअरचाइल्ड ६७०. त्यात २० व्हॉल्व्ह, ११ ट्रान्सफॉर्मर, आणि वजन सुमारे ३० किलो.

आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की त्याला दाबायचे, खाली आला की सोडायचे, एवढेच कॉम्प्रेसरचे काम. दाबायला लागणारा वेळ म्हणजे अ‍ॅटॅक, सोडायला लागणारा वेळ म्हणजे रिलीज. चर्चा बहुतेक दाबण्याचीच होते. पण मास्टरिंग म्हणजे तयार गाण्यावर फिरवलेला शेवटचा हात. तिथे एक ठोका दाबला की त्याच्यासोबत गळा, व्हायोलिन, सगळेच दबते. दबलेले गाणे पुन्हा वर कसे येते यावर त्याचा श्वास ठरतो. म्हणून कॉम्प्रेसर निवडताना आधी त्याचे सोडणे ऐकावे, असे माझे ठाम मत आहे.

फेअरचाइल्डमध्ये आवाज मोठा करणारा व्हॉल्व्हच त्याला आवरतोही. आवाज चढला की व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा ऋण विद्युतदाब वाढतो आणि त्याची आवाज वाढवण्याची ताकद त्या प्रमाणात उतरते. त्यामुळे पकड एकदम बसत नाही, आवाज जितका चढेल तितकी ती घट्ट होत जाते. याला व्हेरी-म्यू म्हणतात. पण नार्माची खरी बुद्धी दिसते ती वेळ ठरवणाऱ्या सहा खुणांच्या बटणात. सहाव्या खुणेवर एकटादुकटा ठोका आला तर यंत्र ०.३ सेकंदात सोडते, ठोके लागोपाठ आले तर १० सेकंद घेते, आणि आवाज सतत चढाच राहिला तर २५ सेकंद. पुढ्यातले संगीत कोणत्या जातीचे आहे हे त्याला कळावे अशी ही रचना आहे.

एलए-२ए हा ऑप्टिकल कॉम्प्रेसरही असाच समजूतदार, फक्त वेगळ्या मार्गाने. आवाज वाढला की आत एक पट्टी उजळते आणि तिच्या प्रकाशाने कॅडमियम सल्फाइडच्या घटकाचा रोध उतरतो. प्रकाश विझला तरी तो घटक लगेच पूर्ववत होत नाही. निम्मा दाब क्षणात सुटतो, उरलेला रेंगाळत काही सेकंदांत. गळ्याला हे फार शोभते.

११७६ या एफईटी कॉम्प्रेसरचा अ‍ॅटॅक अगदी सावकाश लावला तरी ०.८ मिलिसेकंद! एकट्या गळ्यावर किंवा ड्रमवर तो सुरेख, पण अख्ख्या गाण्यावर मी तो लावणार नाही; प्रत्येक ठोक्याची धार तो बोथट करतो. याउलट एसएसएल कंपनीच्या व्हीसीए कॉम्प्रेसरचा अ‍ॅटॅक ३० मिलिसेकंदांपर्यंत लांबवता येतो. ठोक्याचे टोक निसटून जाते आणि दाब त्याच्या मागच्या भागावर पडतो. रिलीज लयीशी जुळवला की सगळी वाद्ये एकत्र झुलू लागतात. रॉक आणि नाचाच्या गाण्यांना तो मानवतो. तिथेही मास्टरिंगमध्ये एक-दोन डेसिबलपलीकडे दाबू नये.

विलंबित ख्यालात मात्र यातल्या प्रत्येकाची कसोटी लागते. गायक समेवर येऊन थांबतो, कॉम्प्रेसर हात सैल करतो, आणि मागचा तानपुरा पुढे सरकतो. पुढची आवर्तने सुरू झाली की तो पुन्हा मागे ढकलला जातो. तानपुऱ्याची ही भरती-ओहोटी एकदा कानाला कळली की दुसरे काही ऐकूच येत नाही. जलद रिलीजचा व्हीसीए इथे सर्वांत वाईट. फेअरचाइल्डची संथ खूण बरी, कारण गायकाच्या छोट्या विरामात ती दाब फारसा सुटू देत नाही. तबल्याच्या चाटेवरच्या ‘ना’साठी अ‍ॅटॅक मंद हवा, आणि फेअरचाइल्डचा अ‍ॅटॅक चपळ असल्याने तिथे तोही कमी पडतो.

दोन कॉम्प्रेसर पारखताना दोघांतून येणारा आवाज आधी सारख्या पातळीवर आणावा, नाहीतर कान मोठ्या आवाजालाच चांगला म्हणतो. ख्यालाच्या बाबतीत पारख झाल्यावर मी बहुधा वेगळाच पर्याय घेईन: कॉम्प्रेसर बंद ठेवून, तारसप्तकातल्या दोन-तीन चढ्या जागा फेडरने हातानेच उतरवायच्या.